शरीराची तटबंदी आणि आईची खंत

मस्कतहून आपल्या पत्रिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा माझ्या थोरल्या बहिणीचा आग्रह गेली कित्येक वर्षे चालू आहे. ती अश्दोदला राहते. अंक हाती पडला की आधी शेवटच्या पानावरील सुखदुःखाच्या वार्ता वाचते आणि मगच पहिल्या पानाकडे वळते. मी लेखिका नव्हे. बारावीनंतर डी.एड. केले, काही वर्षे रायगड जिल्ह्यात शिकविले आणि यजमानांच्या नोकरीमुळे २००४ साली ओमानला आले. तेव्हापासून येथील एका भारतीय शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकविते. तेव्हा वाचकांनी ह्या लेखाकडे वर्गातील एक तास म्हणूनच पाहावे. मात्र हा तास मी वीस वर्षे उशिरा घेत आहे, आणि तो उशीर कसा झाला हेही सांगणे मला भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही मुलांची सहल निझवा येथे नेली होती. मस्कतपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आत, डोंगरांच्या पायथ्याशी खजुरीच्या बागांत हे जुने शहर वसलेले आहे. तेथील किल्ल्याचा प्रचंड गोल बुरूज सतराव्या शतकाच्या मध्यास इमाम सुलतान बिन सैफ ह्यांनी बांधविला. बुरुजावर जाण्याचा जिना अरुंद आणि वळणावळणाचा आहे. वाटेत एकामागून एक जाड लाकडी दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाज्याच्या वर छतात एक भोक ठेवलेले आहे, आणि त्यातून शत्रूच्या डोक्यावर खजुराचा उकळता पाक ओतीत असत. शिवाय पायऱ्यांमध्ये खोल खड्डे आहेत. वरची फळी काढून घेतली की अंधारात धावत येणारा सरळ खाली.

आठवीला त्याच महिन्यात मी रोगप्रतिकारशक्तीचा धडा घेत होते. मुलांना म्हटले, "हाच किल्ला म्हणजे आपले शरीर समजा." त्वचा ही तटाची भिंत. डोळ्यांच्या पाण्यात जंतूंचे कवच फोडणारा एक पदार्थ असतो. नाकातला शेंबूड जंतूंना चिकटवून धरतो. जठरातील आम्लात बहुतेक जंतू जळून जातात, आणि ते आम्ल म्हणजेच खजुराचा उकळता पाक. पाक ओतणारा शिपाई वर येणारा कोण, कुठला ह्याची चौकशी करीत नाही. बिनपरवाना आत आला की ओतायचा. शरीराचा हा पहिला पहारा जन्मजात असतो, तो शिकवावा लागत नाही.

त्याच पहाऱ्यात काही पांढऱ्या पेशी जंतूंना चक्क गिळून टाकतात. हे प्रथम पाहिले एली मेचनिकॉफ ह्या शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात काटा मोडला की तेथे लाली, सूज आणि ठणका येतो, तो ह्याच गराड्याचा. पुढे १९०८ साली मेचनिकॉफ आणि आपल्या धर्माचे पॉल एर्लिख ह्या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

परंतु किल्ल्यात दुसऱ्या प्रकारचाही पहारेकरी लागतो. एकदा आलेल्या शत्रूचा चेहरा तो विसरत नाही. शरीरात हे काम लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. त्यांच्यातील बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि प्रतिपिंडे बनवितात. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट जंतूलाच नेमके जाऊन चिकटणारे प्रथिन. टी पेशी छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. मी मुलांना सांगते की थायमस ही त्यांची शाळा, आणि तेथील परीक्षा फार कडक असते. जी पेशी स्वकीयांवरच हात उगारील अशी शंका येते, तिला बहुधा तेथेच बाद करतात.

शरीरात अशा पेशींचे लक्षावधी प्रकार असतात, आणि प्रत्येक प्रकाराजवळ एकाच कुलपाची किल्ली असते. नवा जंतू आला की ज्या मोजक्या पेशींची किल्ली त्याला लागू पडते, त्या भराभर वाढू लागतात. ह्याला पहिल्या खेपेस एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत रोग आपले काम करून जाऊ शकतो. पण लढाई संपल्यावर त्यांतील काही पेशी स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर काही दिवसांतच फौज उभी राहते. लस म्हणजे खऱ्या लढाईवाचून करून घेतलेली ही ओळख होय. शत्रूचे निर्जीव शव, त्याचा एखादा तुकडा किंवा त्याचा दुर्बळ केलेला भाऊबंद पहारेकऱ्यांना दाखवून ठेवायचा. आपल्या मुंबईत १८९७ च्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, तीही ह्याच तत्त्वावर. परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तरी सांगायला नको.

एवढे सांगून झाले तेव्हा आठवीतील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "टीचर, लस घेऊनसुद्धा रोग झाला, असं होतं का?"

मी म्हटले, "हो, कधी कधी होतं." तिने विचारले, "का?" मी म्हटले, "उद्या सांगते. चला, बस निघायची वेळ झाली."

वाचकहो, बस निघायला अजून पाऊण तास होता. प्रश्न अवघड होता म्हणून मी तो टाळला नाही. तो आमच्या घरातला प्रश्न होता, म्हणून टाळला.

किल्ल्याच्या पायथ्याशी आमच्या शाळेतील एक ओमानी सहकारी सावलीत बसून होते. शाळेच्या सरकारी कागदपत्रांचे काम ते पाहतात आणि सहलीला नेहमी बरोबर येतात. त्यांचा डावा पाय बारीक आहे, चालताना ते गुडघ्यावर हात टेकून पाऊल टाकतात, त्यामुळे जिना चढत नाहीत. इतकी वर्षे मी तो पाय पाहत होते आणि त्याविषयी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी विचारले. मस्कतमधील पुष्कळ ओमानी लोकांप्रमाणे त्यांनाही हिंदी उत्तम येते. ते म्हणाले, "टीचर, मी सत्याऐंशी सालचा. अठ्ठ्याऐंशी साली आमच्याकडे पोलिओ आला होता. माझ्या आईजवळ माझं कार्ड अजून आहे. सगळे डोस घेतलेले होते. आई अजून म्हणते, माझंच काहीतरी चुकलं."

हे शेवटचे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते, तेही मराठीत.

आमचा धाकटा भाऊ १९८० च्या मार्चमध्ये अलिबागेस जन्मला. तीन मुलींच्या पाठीवर झालेला, म्हणून घरात त्याचे फार कौतुक. त्या सुमारास सरकारी दवाखान्यांतून पोलिओचे थेंब मिळू लागले होते. शेजारीपाजारी पुष्कळांनी कंटाळा केला, पण आमच्या आईने केला नाही. कडेवर मूल घेऊन ती चालत गेली आणि तिन्ही डोस तिने वेळच्या वेळी पाजून आणले. १९८१ च्या जुलैत (कुलाबा जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले होते) बाळाला ताप आला. तापाचा तिसरा दिवस उजाडला आणि आईने त्याला उभे करू पाहिले तो डावा पाय कापडासारखा लोंबू लागला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आईने हाक मारली नाही, रडली नाही. ती त्याला पुन्हा पुन्हा उभा करून पाहत होती, तेवढेच मला आठवते.

पुढे मुंबईच्या वाऱ्या, तेलाचे मालिश, कातडी पट्ट्याचा आणि लोखंडी सळ्यांचा बूट, एलियाहू हन्नबीला केलेला नवस आणि मलिदा, सर्व काही झाले. भाऊ शिकला, बँकेत लागला, त्याचा संसारही चांगला चालला आहे. पण आईच्या मनात एक काटा राहून गेला. थेंब पाजल्यानंतर काही वेळ बाळाला अंगावर पाजू नये, असे तेव्हा पुष्कळ ठिकाणी सांगत. दुसऱ्या डोसाच्या दिवशी परत येताना ऊन लागले आणि बाळ रडून रडून काळेनिळे झाले, तेव्हा वाटेत एका झाडाखाली बसून आईने त्याला पदराखाली घेतले होते. "माझ्या दुधानं औषध धुऊन नेलं," असे ती म्हणे. रागावून किंवा रडून नव्हे, तर दळण संपले आहे हे जसे सांगावे तसे ती हे सांगे.

मी डी.एड. झाले, प्रतिकारशक्तीचा धडा वर्षानुवर्षे शिकविला, आणि तरीही आईचे हे वाक्य बरोबर की चूक ह्याचा शोध कधी घेतला नाही. ते घरातले वाक्य होते आणि धडा शाळेतला होता. निझव्याहून परतल्यावर मात्र मी वाचायला बसले. जे समजले ते येथे क्रमाने सांगते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि घशात व आतड्यात वाढतो. तेथून तो विष्ठेवाटे बाहेर पडून पाण्यातून, हातांतून दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचतो. ज्यांना त्याची लागण होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीच कळत नाही. सुमारे दोनशेंत एका मुलाच्या बाबतीत तो रक्तातून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जातो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. मग पाय असतो, पण त्याला हुकूम देणारे कोणी उरत नाही.

येथे माझा किल्ल्याचा दाखला थोडा अपुरा पडतो. शरीराला एक नव्हे, अनेक दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाज्यावरील पहारा निराळा आहे. रक्तातील प्रतिपिंडे एका प्रकारची आणि आतड्याच्या ओल्या अस्तरावरील प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारची. एका ठिकाणी पहारा कडक असला म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तो असेलच, असे नाही.

पोलिओच्या दोन लसी दोन ज्यू शास्त्रज्ञांनी दिल्या, हे आपणांस ठाऊकच आहे. डॉ. जोनास साल्क ह्यांची लस १९५५ साली आली. मारलेल्या विषाणूची ही लस सुईने टोचतात. ती रक्तातील पहारा उत्तम उभारते, त्यामुळे विषाणू मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकत नाही. आतड्याच्या दरवाज्यावर मात्र तिचा पहारा सैल राहतो. डॉ. अल्बर्ट साबिन (पुढे हे काही काळ रेहोवोतच्या वाइझमन संस्थेचे अध्यक्ष होते) ह्यांची लस थेंबांची. तिच्यातील विषाणू जिवंत पण दुर्बळ केलेले असतात. ते आतड्यातच वाढतात, म्हणून पहारा नेमका दरवाज्यावर बसतो. थेंब स्वस्त आणि पाजायला सोपे, त्यामुळे गरीब देशांना ते वरदान ठरले.

पण थेंबांची एक अट आहे. ते दुर्बळ विषाणू बाळाच्या आतड्यात खरोखर रुजले पाहिजेत. उष्ण देशांत, दाट वस्तीत आणि पाणी स्वच्छ नसलेल्या ठिकाणी बाळाच्या आतड्यात आधीच इतर विषाणूंची गर्दी असते, जुलाब असतात, आणि लशीतील विषाणूंना जागाच मिळत नाही. पूर्वीच्या थेंबांत विषाणूचे तीन प्रकार एकत्र असत. त्यांची आपापसांतही चढाओढ होऊन एक रुजे आणि दुसरा मागे पडे. म्हणून युरोप-अमेरिकेत जे काम तीन डोसांनी होई, ते आपल्याकडे तीन डोसांनी होत नसे. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन हे १९७० च्या दशकापासून सांगत होते की भारतीय मुलांना तीन डोस पुरत नाहीत. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये कित्येक वेळा डोस पाजावे लागले, आणि नव्या प्रकारचे, एक किंवा दोनच विषाणू असलेले थेंब आणावे लागले. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आढळला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

आता ओमानची हकीकत. १९७० पूर्वी ह्या देशात दवाखाने बोटांवर मोजण्याइतके होते. १९८१ साली येथे बालकांच्या लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि काही वर्षांतच गावोगावची, वाळवंटातली मुलेसुद्धा त्यात आली. १९८८ साली एक वर्षाच्या आतील सुमारे ८७ टक्के मुलांना पोलिओचे तीन डोस मिळालेले होते. आणि अशा देशात, जानेवारी १९८८ ते मार्च १९८९ ह्या काळात ११८ मुले पोलिओने लुळी पडली! त्यांतील पुष्कळांचे डोस पूर्ण झालेले होते. ह्या साथीचा बारकाईने अभ्यास झाला आणि १९९१ साली तो 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की तीन डोसांनी लुळेपणाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी केला होता. परंतु पूर्ण डोस घेतलेल्या मुलांच्या आतड्यांतूनही विषाणू गुपचूप पसरत राहिला होता. लस बाद ठरली नव्हती. ती त्या परिस्थितीत पुरेशी ठरली नव्हती.

ओमानने ही गोष्ट लपवून ठेवली नाही. पुढे येथे अधिक डोसांचे आणि वेगवेगळ्या लसींचे प्रयोग झाले. १९९३ नंतर ओमानमध्ये पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही. येथील बालकांवर झालेला आणखी एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. साल्क लशीचा केवळ पाचवा हिस्सा त्वचेत दिला तरी जवळजवळ पूर्ण डोसाइतक्याच मुलांमध्ये प्रतिपिंडे निर्माण होतात, असे त्यात दिसून आले. २०१६ पासून भारतानेही अशी पाचव्या हिश्श्याची लस देण्यास प्रारंभ केला. मस्कतच्या बाळांच्या दंडावर जे शिकले गेले, ते माझ्या कोकणातल्या बाळांच्या कामी आले, ह्याचे मला एक शिक्षिका म्हणून फार अप्रूप वाटले.

आणि आईचे दूध? थेंबांच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे डॉक्टर आज स्पष्ट सांगतात. ती जुनी सूचना अनावश्यक होती.

हे सर्व मी एका वहीत उतरवून ठेवले आणि डिसेंबरात सुट्टीला ठाण्यास गेले. नात्यातील एका लग्नासाठी अश्दोदहून बहिणीची लेक आली होती, बरोबर तिचे पाच महिन्यांचे बाळ. हळदीच्या रात्री बायका मेंदी लावीत बसल्या असता बाळाच्या लसींचा विषय निघाला. भाची म्हणाली, "मावशी, मी अजून एकही दिलेली नाही. टिपत हलाव्हमधून फोन येतात, मी टाळते. मामांना तीन डोस दिले होते ना आजीनं? तरी पाय गेलाच. मग उपयोग काय?"

माझ्या हातातला मेंदीचा कोन तसाच राहिला. आमच्या घरातले मौन किती दूर जाऊन पोहोचले आहे, हे मला त्या क्षणी कळले. आईने ते दुःख स्वतःच्या अंगावर घेतले, आम्ही मुलांनी ते झाकून ठेवले, आणि तिसऱ्या पिढीने त्यातून स्वतःच्या मनाने एक अर्थ काढला.

मी शिक्षिकाच. समोरच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडले. समज, एका गावात हजार मुले आहेत. साडेनऊशे मुलांनी लस घेतली, पन्नासांनी घेतली नाही. समज, रोग असा की लस नसेल तर प्रत्येकाला होणारच, आणि लस दहांपैकी नऊ मुलांना वाचविते. मग लस घेतलेल्यांपैकी पंचाण्णव आजारी पडतील आणि न घेतलेल्यांपैकी पन्नास. दवाखान्यात जाऊन मोजले तर लस घेतलेलेच अधिक दिसतील! पण गावात जाऊन मोजले तर लस घेतलेले आठशे पंचावन्न अंगणात खेळताना दिसतील, आणि न घेतलेला एकही खेळताना दिसणार नाही. ज्यांना काही झाले नाही, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. तुझ्या मामाची गोष्ट आपल्या घरात आहे. त्याच वर्षी त्याच दवाखान्यात थेंब घेऊन जी मुले वाचली, त्यांच्या घरी सांगायला गोष्टच नाही.

भाची म्हणाली, "पण आमच्याकडे आता पोलिओ आहे कुठे?"

वाचकहो, ह्याचे उत्तर आपण तिकडे राहणाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. इस्रायलमध्ये २००५ पासून केवळ टोचण्याची लस दिली जात होती. २०१३ साली बेर-शेवा आणि राहात ह्या दक्षिणेकडील भागातील सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडले नाही, कारण रक्तातील पहारा पक्का होता. पण आतड्याचा दरवाजा सैल असल्याने विषाणू मुलांमुलांतून फिरत होता. म्हणूनच त्या वर्षी 'दोन थेंब' मोहीम काढून मुलांना पुन्हा थेंब पाजण्यात आले. आणि २०२२ च्या मार्चमध्ये यरुशलेममध्ये चार वर्षांच्या आतील एका बालकास पोलिओ झाल्याचे निष्पन्न झाले. त्या बालकाला लस दिलेली नव्हती. तो विषाणू मूळचा थेंबांतल्या दुर्बळ विषाणूचाच वंशज होता, हेही मी भाचीपासून लपविले नाही. जेथे लस न घेतलेली मुले पुष्कळ असतात, तेथे तो दुर्बळ विषाणू एकातून दुसऱ्यात दीर्घकाळ फिरत राहिला की पुन्हा दांडगा होऊ शकतो. त्यावरही उपाय एकच, की त्याला फिरायला जागाच ठेवायची नाही.

भाऊ बाजूच्या खोलीत होता. त्याने हे सारे ऐकले असावे. बुटाचा पट्टा आवळीत तो बाहेर आला आणि तिला म्हणाला, "माझ्या पायाचा दाखला लशीविरुद्ध देऊ नकोस गं. मला कोणी विचारलं नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं. माझ्या तिन्ही मुलांना मी स्वतः घेऊन गेलो होतो, प्रत्येक डोसाला." एवढे बोलून तो पाहुण्यांची जेवणे झाली का ते पाहायला गेला. भाची काही बोलली नाही. परत गेल्यावर पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला, "मावशी, पहिली सुई दिली. रात्रभर रडला." पुढच्या सुया वेळेवर होतात की नाही, ह्याची चौकशी मी दर महिन्याला करीत असते आणि तिला त्याचा वैताग येतो. येऊ दे.

आईशी बोलायला मात्र मला आणखी तीन दिवस लागले. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. दुपारी ती वाल सोलीत बसली होती. मी वही काढली आणि ओमानची हकीकत सांगितली. एकशे अठरा मुले, पूर्ण झालेले डोस, निझव्याच्या पायथ्याशी बसलेले आमचे सहकारी आणि कार्ड जपून ठेवणारी त्यांची आई. तिने सर्व शांतपणे ऐकले. मग विचारले, "त्या आयांनीसुद्धा वाटेत अंगावर पाजलं होतं का?"

मी म्हटले, "कोणी पाजलं असेल, कोणी नसेल. त्याचा काही संबंधच नव्हता, आई. दुधानं औषध धुऊन जात नाही. तू केलंस ते बरोबर होतं. डोस दिलास तेही बरोबर आणि पाजलंस तेही बरोबर."

तिच्या हातातला वाल बराच वेळ सोलायचा राहिला. मग ती म्हणाली, "हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९९१ साली छापून आलेली गोष्ट तिच्यापर्यंत यायला तीस वर्षांवर काळ लागला, आणि त्यांतली वीस वर्षे तिची लेक त्याच देशात बसून तोच विषय शिकवीत होती. मी एवढेच म्हटले, "माझंच चुकलं." आई हसली. म्हणाली, "आता तू नको सुरू करूस."

मस्कतला परतल्यावर शाळेतल्या त्या सहकाऱ्यांना मी तो अभ्यास मोठ्या अक्षरांत छापून दिला. त्यांनी तो आपल्या आईला अरबीत वाचून दाखविला. ती काय म्हणाली, हे मी विचारले नाही. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर? ती आता दहावीत आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमा मागून मी तिला वरचे गणित फळ्यावर करून दाखविले. तिने ते माझ्यापेक्षा लवकर सोडविले.

समाजबांधवांना आणि विशेषतः भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरातही अशी एखादी जुनी खंत असेल. एखादे मूल गेले असेल, एखादा पाय, एखादा डोळा गेला असेल, आणि कोणीतरी माउली मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असेल. तिला विचारा. तिचे म्हणणे ऐकून घ्या, आणि चांगल्या डॉक्टरांना विचारून खरे काय ते तिला सांगा. ती असेपर्यंत सांगा. आणि घरात तान्हे बाळ असेल, तर टिपत हलाव्हचा फोन उचला.